कोल्हापुरात बी.एड. किंवा एम.एस.डब्ल्यू. करायचंय? फॉर्म भरण्याआधीपासून क्षेत्रकार्यापर्यंत

मागच्या वर्षी राधानगरीकडचे एक काका मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "बाई, पोरगीला बी.एड.ला घालायचं म्हंतोय. पर पुढं नोकरीचं काय हुतंय?" मुलगी गप्प उभी होती. तिला मी विचारलं, "तुला किती मोठी मुलं शिकवायला आवडतील?" तिनं आधी वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "मॅडम, हे अजून कुणी विचारलंच नाही."

हा लेख त्या दोघांसाठी आहे. मी कोल्हापुरात बी.एड. केलं, सात वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं आणि नंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केली. दोन्हीकडच्या बाकांवर बसून झालंय, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते. घरात पदवीपर्यंत पोचलेलं तुमच्या आधी कुणी नसेल, तर सावकाश वाचा. घाई नाही.

पहिली पायरी : फॉर्मच्या आधी एक आठवडा

बी.एड. आणि एम.एस.डब्ल्यू. दोन्ही पदव्यांत निम्मा वेळ माणसांत जातो. म्हणून कुठल्या माणसांत दिवस घालवायला आवडेल, हे आधी कळायला हवं. ते माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर विनंती लिहून द्या : बी.एड.चा विचार आहे, एक आठवडा वर्गात मागे बसून बघायची परवानगी मिळावी. बहुतेक ठिकाणी मिळते. दोन दिवस पहिली-दुसरीत बसा, दोन दिवस सातवीत, जमलं तर दोन दिवस हायस्कूलला. वही घेऊन बसा, पण गुरुजी काय शिकवतात ते लिहू नका. कुठलं मूल कधी खिडकीबाहेर बघायला लागलं, कोण उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असलं लिहा. चौथ्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळतं. पहिलीच्या वर्गाच्या गलक्यात काहींना उत्साह येतो, काहींचं डोकं धरतं. दोन्हीत चूक काही नाही.

असं बसून बघणाऱ्या एका मुलाला पाचवीचा वर्ग झेपला नाही. पण मधल्या सुट्टीत एकटं बसणाऱ्या पोराशेजारी जाऊन तो रोज बसायचा. शनिवारी त्यानं मला त्या पोराच्या घरची सगळी हकिगत सांगितली. बाप दारू पितो, आई हुपरीला चांदीकामाला जाते, धाकट्या बहिणीला हाच सांभाळतो. मी त्याला म्हटलं, तू समाजकार्याकडे जा.

समाजकार्याचा विचार असेल तर शाळेऐवजी एखाद्या संस्थेत आठवडा घालवा. कोल्हापूर त्या बाबतीत श्रीमंत आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड', वीटभट्टीवरच्या आणि कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी काम करणारी 'अवनि', शेंडा पार्कातली मतिमंद मुलांची 'चेतना'. फोन करून, वेळ ठरवून जा. फोटो काढू नका, आणि "मी मदत करायला आलोय" असं म्हणू नका. "बघायला, शिकायला आलोय" म्हणा. खरं तेच आहे.

दुसरी पायरी : कुठला वर्ग, त्यावरून कुठली पदवी

इथं सर्वांत जास्त चुका होतात, आणि चूक दोन वर्षांनी कळते.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी.एल.एड., लागते. आपण अजून जुन्या सवयीनं तिला डी.एड. म्हणतो. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकचा रस्ता खुला केला होता. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं तो बंद केला. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, हा त्यामागचा विचार. माझ्या ओळखीतल्या दोघींनी प्राथमिकची नोकरी धरून बी.एड. केलं होतं. निकाल आला तेव्हा त्या दुसऱ्या वर्षाला होत्या.

सहावी ते आठवीला पदवी आणि त्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पहिली ते आठवीसाठी वर टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सुद्धा हवीच.

बी.एड.ला पदवीला ५० टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झालाय. शेजारच्या काकू "आमच्या वेळी एका वर्षात झालं" म्हणतात ते खरं आहे, पण ते त्यांच्या वेळी. बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता आहे. त्याची प्रवेशपरीक्षा देशपातळीवर एन.टी.ए. ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, नाव एन.सी.ई.टी. विशेष मुलांना शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. वेगळं असतं. ते भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतं आणि पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

समाजकार्यात बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. कोल्हापुरात एम.एस.डब्ल्यू. म्हटलं की पहिलं नाव निघतं ते विद्यापीठ रोडवरच्या सायबरचं, म्हणजे १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे सरांनी सुरू केलेल्या छत्रपती शाहू इन्स्टिट्यूटचं. बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनी बिचकू नये. आमच्या वर्गात एक कृषी पदवीधर होता. शेतकऱ्याशी बोलायला बसला की आम्ही सगळे त्याच्याकडून शिकायचो.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर

नोकरीचं काय? काका, सरळ सांगते.

अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली शिक्षक भरती आता 'पवित्र' पोर्टलवरून होते. त्यासाठी दोन परीक्षा लागतात, आणि लोक त्या एकच समजतात. टी.ई.टी. ही पात्रता. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. दुसरी परीक्षा टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. भरतीची गुणवत्ता यादी या गुणांवर लागते. पहिली टेट २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. मधल्या वर्षांत मुलं वाट बघत बसली, हे मी लपवणार नाही. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे.

तेव्हा बी.एड. झालं की नोकरी ठेवलेलीच, असं समजून पोरीला पाठवू नका. आणि कुणी 'संस्थेत चिकटवतो, एवढे लाख लागतील' म्हणत घरी आला तर चहा पाजून परत पाठवा. शेत विकून भरलेले पैसे बुडालेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

एम.एस.डब्ल्यू.ची वाट अनेक फाट्यांची. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक, कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की संपतात. मानसोपचार समाजकार्यकर्ता म्हणून काम करायचं तर एम.एस.डब्ल्यू.नंतर त्या विषयातलं दोन वर्षांचं एम.फिल. लागतं. हे सगळं ऐकूनही पोरगी "जायचंच" म्हणाली, तर तिला अडवू नका. राधानगरीच्या काकांनी अडवलं नाही.

तिसरी पायरी : कागद

माझ्या वेळी नॉन-क्रिमीलेयर दाखल्यानं घोळ घातला. अर्ज केला होता, दाखला एका कार्यालयात सहीसाठी पडून राहिला आणि पहिली फेरी माझ्यासमोरून निघून गेली. दुसऱ्या फेरीत घराजवळचं कॉलेज भरलेलं होतं. दोन वर्षं रोज तीन तास एस.टी.त गेले.

म्हणून दिवाळीतच बसून कागद जमवा. दहावी, बारावी, पदवीची सगळी गुणपत्रकं. शाळा सोडल्याचा दाखला. अधिवास. जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. हिला सर्वांत जास्त वेळ लागतो. वडिलांकडच्या जुन्या नोंदी शोधण्यातच महिना जातो, आजोबांच्या शाळेचा दाखला, गावातल्या कोतवाल बुकाची नक्कल. नॉन-क्रिमीलेयर दाखल्यावर '३१ मार्चपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. मागच्या वर्षीचा दाखला हातात धरून जुलैत रांगेत उभी राहिलेली मुलं दरवर्षी भेटतात. उत्पन्नाचा दाखला तसाच ताजा हवा. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल तर खंड प्रमाणपत्र. नावात फरक असेल, गुणपत्रकावर 'रुपाली' आणि आधारवर 'रूपाली', तर आत्ताच दुरुस्त करा.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होतो. पोचपावतीचा नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाइल हरवतो, वही घरात असते.

कॉलेजला प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद तपासायला द्यावे लागतात, ठेवून घ्यायला नव्हे. यू.जी.सी.नं २०१८ मध्येच सांगून ठेवलंय की संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यावीत. नम्रपणे मागा, पण मागाच.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींची शिक्षण शुल्क माफी पूर्ण झाली. "पैसे नाहीत म्हणून मुलीला नको" असं ठरवायच्या आधी हे वाचा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेवढं बँकेत जाऊन बघा.

चौथी पायरी : सी.ई.टी. आणि कॉलेज

बी.एड.ची सी.ई.टी., म्हणजे सामायिक प्रवेशपरीक्षा, राज्याचा सी.ई.टी. कक्ष घेतो. फॉर्म हिवाळ्यात निघतात, परीक्षा साधारण मार्चमध्ये, संगणकावर. १०० प्रश्न, ९० मिनिटं. मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी इंग्रजीची ५० गुणांची वेगळी चाचणी असते. यासाठी महागडा क्लास लावायची गरज मला वाटत नाही. मानसिक क्षमतेचे जुने प्रश्न रोज तीस सोडवा आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचा. दोन महिने पुरतात. संगणकाची सवय नसेल तर मात्र सायबर कॅफेत बसून चार सराव चाचण्या द्याच.

कॉलेज निवडताना एवढं बघा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी किती. ही फी त्यांच्या संकेतस्थळावर असते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. मग कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा : सरावपाठाला शाळा कुठल्या मिळतात? तुमच्या पाठाला सर शेवटपर्यंत बसतात का? "यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारं कॉलेज असेल तर तिथून बाहेर पडा. नियमानं वर्गाला ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत सलग राहून करायच्या प्रत्यक्ष कामाला, ९० टक्के हजेरी लागते. नियम बाजूला ठेवला, तरी न जाता मिळालेल्या पदवीनं चाळीस मुलांसमोर उभं कसं राहणार?

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, कोल्हापूर, सांगली, सातारा हे त्याचं क्षेत्र. विद्यापीठातच शिक्षणशास्त्र अधिविभाग आहे, पुढं एम.एड. करायचं असेल तर तिथलं ग्रंथालय आधीच ओळखीचं करून ठेवा. जिल्ह्याच्या गावांतही चांगली शिक्षणशास्त्र महाविद्यालयं आहेत. भुदरगड-आजऱ्याच्या मुलांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचा विचार आधी करावा असं मला वाटतं. देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी आणि चित्राताई नाईकांनी खेड्यातल्या शिक्षणाचे प्रयोग गारगोटीत केले. पुढं 'भारतीय शिक्षणाचा इतिहास' हा पेपर येईल तेव्हा हे नाव पुस्तकात भेटेल, तेव्हा लक्षात ठेवा की तो माणूस तुमच्याच डोंगरातला.

राहायचं कुठं

विद्यापीठ-सायबरच्या बाजूला राजारामपुरी, सागरमाळ, सुभाषनगर, उजळाईवाडी इथं खोल्या मिळतात. तिघी-चौघींनी मिळून घ्या. आगाऊ रक्कम किती, ती परत कधी, पाणी किती वाजता येतं, हे घरमालकाकडून आधी ऐकून घ्या. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी भरा, ते नाही मिळालं तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजनाही विचारून बघा.

घरून ये-जा करणार असाल तर एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोन तृतीयांश सवलत आहे. एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. प्रवेशाच्या फेऱ्या नेमक्या पावसाळ्यात येतात, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ, पन्हाळा, गगनबावडा सगळीकडचे रस्ते तुटले होते. फेरीचा शेवटचा दिवस गाठायला निघू नका. दोन दिवस आधी येऊन नातेवाइकांकडे राहा.

लांबून शिकायला आलेल्या पोरांना छप्पर द्यायचं, ही या शहराची जुनी सवय. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही जाता-येता दिसतं. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाची रक्कम मी माझ्या वर्गात नेहमी सांगते. त्या काळात रुपया किती मोठा होता हे मुलांना घरी आजीला विचारून यायला लावते.

पाचवी पायरी : बी.एड.ची दोन वर्षं

सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं होते. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्न विचारणे, फलक लेखन, स्पष्टीकरण, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणे), प्रबलन (शाबासकी देऊन हुरूप वाढवणे). समोर तुमचेच आठ-दहा सहकारी विद्यार्थी होऊन बसलेले. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे त्यावरचा अभिप्राय, बारा मिनिटांत पाठाचं नवं टाचण, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. पहिल्या दिवशी हे खोटं खोटं वाटतं. पण आपण प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो, हे मला सूक्ष्म पाठातच पहिल्यांदा कळलं. ती खोड मोडायला वर्ष लागलं.

नंतर सरावपाठ, खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गात. माझा पहिला पाठ आठवीला कवितेचा होता. पस्तीस मिनिटांचं टाचण केलं होतं, बारा मिनिटांत संपलं. मागं परीक्षक मॅडम बसलेल्या, समोर साठ मुलं. तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, परत एकदा म्हणा की." मी कविता पुन्हा म्हटली, या वेळी सावकाश, आणि मुलं बरोबर म्हणू लागली. मॅडमनी निरीक्षण वहीत लिहिलं : 'दुसरं वाचन हाच पाठ होता.' म्हणून टाचणाच्या शेवटी नेहमी एक मोकळी कृती लिहून ठेवा, वेळ उरला तर करायची. आणि शैक्षणिक साहित्य आदल्या रात्री दुकानातून विकत घेऊ नका. तयार तक्त्यांपेक्षा शेंगदाणे, चिंचोके, एस.टी.चं तिकीट, दुधाच्या सोसायटीचं बिल यांनी मुलं लवकर जवळ येतात. आपल्याकडच्या पोराला दुधाचं फॅट माहीत असतं. दशांश अपूर्णांक तिथूनच सुरू करा.

दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. या काळात शाळा तुम्हाला बदली तासांना वापरेल. कुरकुर करू नका, पण रोज एक तरी तास आपल्या विषयाचा मिळेल असं मुख्याध्यापकांशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, निकालपत्रक, पोषण आहाराची नोंद हेही शिकून घ्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेच आधी हातात पडतं.

कृतिसंशोधनाचा, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवर उपाय करून बघण्याच्या अभ्यासाचा, विषय सीनियरच्या फायलीतून उचलू नका. तुमच्यासमोर विषय उभे आहेत. नोव्हेंबरात ऊसतोड टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मराठवाड्यातून आलेली मुलं शाळेच्या कुंपणाबाहेर दिसतात, आणि मार्चमध्ये कारखाना बंद झाला की निघून जातात. चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाला वाचन कसं शिकवाल? गडहिंग्लजच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत कुठं अडतं? यातला एक प्रश्न घ्या आणि पाच मुलांवर मनापासून काम करा. पाच पुरेत.

सहावी पायरी : एम.एस.डब्ल्यू. आणि क्षेत्रकार्य

वर्गात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या सहा पद्धती शिकवतात. साधारण आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याचे, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचे. संस्था कॉलेज ठरवून देतं. सी.पी.आर. हे सरकारी रुग्णालय मिळो, बालगृह मिळो, वस्ती मिळो, "मला दुसरी हवी" म्हणू नका. मला जी संस्था नको होती, तिनंच सर्वांत जास्त शिकवलं.

पहिले तीन आठवडे काहीच होत नाही असं वाटतं. तुम्ही वस्तीत जाता, बायका विचारतात, "कुठल्या योजनेचं हाय?" योजनेचं काही नाही म्हटलं की त्या कामाला लागतात. तरीही जा. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "आज उशीर झाला व्हय?" तेव्हा काम सुरू झालं समजा.

अहवाल त्याच रात्री लिहा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याखाली वेगळ्या रंगानं तुम्हाला काय वाटलं ते. दोन्ही एकत्र कालवू नका. "आई निष्काळजी आहे" हे तुमचं मत. "आई म्हणाली, वीटभट्टीवरून यायला आठ वाजतात" हे निरीक्षण. मार्गदर्शक सर पहिल्या सत्रात माझ्या अहवालावर फक्त हीच रेघ मारत राहिले.

लोकांची नावं अहवालात घालू नका. वर्गात केस सांगताना गावही बदला, कारण कोल्हापूर लहान आहे, कुणाची तरी मावशी तिथलीच निघते. बालकाच्या बाबतीत काही भयंकर कळलं तर गुपित ठेवायचं नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. आधी मार्गदर्शकांना सांगा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ असू द्या, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीच देऊ नका.

समुदाय संघटन म्हणजे काय हे पुस्तकातून उमजत नसेल, तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला एकदा जाऊन या. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठराव वाचून निघू नका. गावातल्या बायकांना विचारा, आता हळदी-कुंकवाला कोण बोलावतं, कोण नाही. खरा अभ्यास तिथं आहे.

आणि निरोपाची तयारी पहिल्या महिन्यापासून ठेवा. वर्ष संपलं की तुमचं क्षेत्रकार्य संपतं, पण मुलांना ते माहीत नसतं. शेवटचा दिवस किमान महिनाभर आधी सांगा. कॅलेंडरवर खूण करून दाखवा. पुढच्या वर्षी नवी ताई किंवा दादा येणार असेल तर ओळख करून द्या. मी हे केलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझ्या क्षेत्रकार्याच्या वीटभट्टीवर निरोप घ्यायला खाऊ घेऊन गेले, तर माझ्या गटातली दोन भावंडं आदल्याच रात्री ट्रकमधून गावाकडं गेली होती. भट्टी लवकर विझली होती. त्यांची पाटी शेजारच्या झोपडीत ठेवलेली मिळाली. तेव्हापासून मी माझ्या विद्यार्थ्यांना मार्चच्या पहिल्या आठवड्यातच मुलांच्या गावाचं, तिथल्या शाळेचं नाव लिहून घ्यायला सांगते, आणि शाळेकडून हजेरीचा दाखला घेऊन तो आईच्या पिशवीत ठेवायला. गावी गेल्यावर त्या कागदावर मूल पुन्हा वर्गात बसतं.